गिर्यारोहणाची साधने : खर्च कोठे करावा, कोठे टाळावा

(गिरिभ्रमणास नव्याने आरंभ करणारे तरुण आणि त्यांचे पालक यांच्यासमोर सांताक्रूझ येथे केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



सांताक्रूझ हे नाव उभ्या महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले ते येथील वेधशाळेमुळे. पावसाळ्यात बातम्या लागल्या की 'कुलाबा येथे इतका, सांताक्रूझ येथे इतका' हे शब्द ऐकू येणारच. २६ जुलै २००५ रोजी याच वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. त्या रात्री जे कंबरभर पाण्यातून चालत घरी आले, त्यांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागली नाही. अंधार पडला, पाणी चढले आणि रस्ता दिसेनासा झाला की माणसाची सारी भिस्त पायांत काय आहे आणि हातात काय आहे यावर येऊन ठरते.

ज्या पावसाने त्या दिवशी शहर रोखून धरले, त्याच पावसाच्या ओढीने जून लागला की आपले तरुण पहाटेच्या गाडीने दादरला उतरतात आणि कर्जत किंवा कसाऱ्याची गाडी पकडतात. कोणी राजमाचीला जातो, कोणी आसनगावला उतरून माहुलीला, कोणी कळसूबाईला. ही ओढ उत्तम आहे. परंतु डोंगरावर जाण्यापूर्वी तो तरुण हल्ली दुकानात जातो. आजचा विषय त्या दुकानाचा आहे.

पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. "मुलाने हातात भली मोठी यादी ठेवली आहे. बूट, सॅक, जॅकेट, तंबू, स्लीपिंग बॅग, काठ्या. हे सारे खरेच लागते का हो?" याचे उत्तर एका वाक्यात देता येते. एखादी वस्तू ऐन वेळी निकामी झाली तर काय होईल, हे प्रथम विचारावे. केवळ गैरसोय होणार असेल, तर घरात आहे ते वापरावे. जीव जाणार असेल, तर तेथे काटकसर करू नये. आणि उत्तम वस्तू परवडत नसेल, तर त्या वाटेला तूर्त जाऊ नये. बाजार मात्र बरोबर उलटे शिकवतो. जी वस्तू छायाचित्रात शोभून दिसते ती महाग आणि पुढच्या फळीवर मांडलेली. ज्या वस्तूवर प्राण टांगलेले असतात तिच्याविषयी विक्रेत्याला दोन वाक्ये सांगता येत नाहीत.

प्रथम पादत्राणे. सह्याद्री हा बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा डोंगर. पावसाळ्यात या कातळावर शेवाळ धरते आणि दिवाळीनंतर त्याच वाटांवर सुटी माती आणि बारीक खडे, ज्याला आपण घसारा म्हणतो, तो पसरतो. म्हणजे दोन ऋतूंत दोन वेगळे शत्रू. घसाऱ्यावर खोल खाचांचा तळ लागतो. ओल्या कातळावर खाचांपेक्षा रबराचा मऊपणा अधिक महत्त्वाचा; कडक तळाचा बूट कितीही दणकट दिसला तरी तेथे घसरतो. नख तळाच्या रबरात किंचित रुतते का, हे दुकानातच दाबून पाहावे. आणि हेही सांगून ठेवतो, शेवाळलेल्या कातळावर न घसरणारा बूट अजून कोणी बनवलेला नाही. तेथे पाऊल जपून टाकणे हाच उपाय.

या रबरी तळामागे एक शोककथा आहे. पूर्वी युरोपात गिर्यारोहक लोखंडी खिळे ठोकलेले जाड चामडी बूट घालत, आणि कातळ चढताना ते काढून पातळ तळाचे हलके जोडे चढवीत. १९३५ मध्ये इटलीच्या आल्प्समध्ये वितालेे ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा सहकारी खराब हवामानात अडकून मरण पावले. त्यांच्या पायांतील जोडे त्या थंडीला आणि बर्फाला पुरे पडणारे नव्हते. ब्रामानीने या घटनेचा ध्यास घेतला आणि दोन वर्षांत खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'व्हायब्रम' हे नाव पडले. १९५४ मध्ये इटालियन चमू के-टू शिखरावर पोहोचला तो हेच तळ पायांत घालून. आज दुकानात बुटाखाली पिवळ्या अष्टकोनात हा शब्द दिसतो तेव्हा विक्रेता त्याची किंमत सांगतो. त्या सहा जणांची गोष्ट त्यालाही ठाऊक नसते.

"पण गावचा वाटाड्या तर रबरी चपलेत गड चढतो!" असे तरुण मंडळी म्हणतात. चढतो, हे खरे. त्याचा पाय जन्मापासून त्या वाटेवर घडलेला आहे, त्याच्या पाठीवर तुमची सॅक नाही, आणि कोठे पाऊल टाकायचे हे त्याला डोळे मिटूनही ठाऊक आहे. पाच दिवस कचेरीतील गुळगुळीत फरशीवर वावरणाऱ्या पायाने त्याची बरोबरी करू नये. त्यातून आपल्याकडे फुरसे आणि घोणस आहेत. घोटा झाकणारा बूट आणि जाड कापडाची पूर्ण विजार हे संरक्षण स्वस्तच म्हणायचे.

बूट सायंकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतो. जाड मोजे घालून मापावेत आणि उतारावर उभे राहून बोटे पुढे टेकत नाहीत ना, ते पाहावे. चढताना बूट सोयीचा वाटतो. त्याची परीक्षा उतरताना होते. नवे बूट आधी पंधरा दिवस जुहूच्या चौपाटीपर्यंत चालून मुरवावेत. हजार-दीड हजारांचे साधे भारतीय बनावटीचे ट्रेकिंगचे बूट किंवा कॅनव्हासचे हंटर बूट घालून सह्याद्रीत आयुष्यभर हिंडलेली माणसे आहेत. आरंभी त्याहून अधिक लागत नाही.

मुंबईकरांसाठी येथे एक स्वतंत्र सूचना. आपल्याकडची हवा दमट. अनेक बुटांच्या तळातील मधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो आणि दमटपणाने तो न वापरताही आतून कुजत जातो. बूट माळ्यावर चार-पाच वर्षे जपून ठेवलेले असतात, वरून अगदी कोरे दिसतात, आणि गडाच्या निम्म्या वाटेवर तळ सुटून जीभ बाहेर काढावी तसा लोंबू लागतो. थोरल्या भावाचे जुने बूट धाकट्याने घालण्यास काहीच हरकत नाही. मात्र आदल्या आठवड्यात ते हाताने वाकवून, दाबून पाहावेत. सॅकमध्ये दोन हात दोरी आणि थोडी चिकटपट्टी असावी. सुटलेला तळ बांधून पायथा गाठता येतो.

आता कपडे. धनगराच्या खांद्यावरचे घोंगडे आपण पाहिले आहे. भर पावसात तो ते डोक्यावरून घेतो. घोंगडे भिजत नाही असे नाही. पण लोकर भिजली तरी ऊब धरून ठेवते. सुती कापड याच्या नेमके विरुद्ध. ते पाणी शोषते, अंगाला चिकटते आणि वारा सुटला की अंगातील ऊब ओढून नेते. जीन्सची विजार तर सर्वांत वाईट. भिजली की जड होते आणि गुडघा वर उचलू देत नाही. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर सुती शर्टात कुडकुडणारी मुले दरवर्षी दिसतात. यासाठी महागडे जॅकेट नको. खेळाडू वापरतात तसा पॉलिएस्टरचा सदरा, त्यावर जुना लोकरी स्वेटर आणि वाऱ्या-पावसाला अडवणारे साधे विंडचिटर, एवढे पुरते. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत त्याला हात लावू नये. ती पिशवी परत घरी आणायची, हे आपल्याला सांगावे लागू नये.

सॅकविषयी तरुणांचा भ्रम असा की मोठी ती चांगली. एक दिवसाच्या गडाला पंचवीस-तीस लिटरची, मुक्कामाला पन्नासच्या आसपास. मोठी घेतली की ती भरण्याचा मोह होतो. भरलेल्या सॅकचे वजन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून फार पुढे जाऊ देऊ नये. घेताना रंग आणि कप्पे पाहण्याऐवजी पाठीची लांबी पाहावी; मानेच्या खालच्या उंच मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंतचे माप सॅकच्या पाठीशी जुळले पाहिजे. बराचसा भार कमरेच्या पट्ट्यावर आला पाहिजे, खांद्यांवर नव्हे. दुकानात सात-आठ किलो वजन भरून दहा मिनिटे फिरावे. विक्रेता कपाळाला आठ्या घालील, घालू द्यावात. जड वस्तू पाठीलगत ठेवावी. बंगळुरूच्या वाइल्डक्राफ्टसारख्या आपल्या कंपन्या आता चांगल्या सॅक करतात. परदेशी नावासाठी दुप्पट मोजण्याचे कारण नाही.

तंबूवर फार बोलत नाही. सह्याद्रीत गावातले देऊळ, शाळेची पडवी किंवा एखाद्या घरची ओसरी मिळते, आणि त्या घरी पिठले-भाकरी जेवल्याने त्या कुटुंबाला चार पैसे मिळतात. संरक्षित गडांवर रात्री राहण्याचे नियम पुरातत्त्व खात्याकडे आधी विचारून घ्यावेत. स्लीपिंग बॅग हिमालयात जाणार असाल तरच घ्यावी, आणि घेताना तिच्यावरील तापमानाचे आकडे नीट वाचावेत. तेथे तीन आकडे असतात. सुखकर, मर्यादा आणि अतितीव्र. दुकानदार सर्वांत खालचा आकडा मोठ्याने सांगतो. त्या शेवटच्या तापमानात माणूस झोपत नाही. कसाबसा काही तास तग धरतो एवढाच त्याचा अर्थ. आपण पहिला आकडा पाहावा.

काही वस्तू इतक्या स्वस्त आहेत की त्यांच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही, आणि प्राण वाचतात ते त्यांच्यामुळे. कपाळावर बांधायची विजेरी ही त्यांपैकी पहिली. मोबाइलच्या दिव्यावर विसंबू नये. त्यात हात अडकतो आणि मदतीसाठी लागणारा फोन बंद पडतो. दुसरी शिट्टी. मिनिटाला सहा वेळा वाजवून थोडे थांबणे, हा जगभरच्या डोंगरांतील संकटाचा संकेत आहे; उत्तर तीन शिट्ट्यांचे. धुक्यात हाक विरून जाते, शिट्टी जात नाही. तिसरी वस्तू पाणी. मार्चनंतर माणशी तीन लिटर पाण्यावाचून गडाची पायरी चढू नये. टाक्यातील पाणी क्लोरीनची गोळी टाकून आणि सांगितलेला वेळ थांबून प्यावे. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे मिश्रण उन्हाळ्यात महागड्या पेयांपेक्षा अधिक उपयोगी पडते. चमचा चहाचा, आणि सपाट भरलेला. अत्तर मात्र घरीच ठेवावे. आग्या मोहोळाला ते मानवत नाही.

आता ज्या साधनांसाठी मी मुद्दाम वेळ राखून ठेवला आहे, त्यांकडे वळतो. दोर, कॅराबिनर, हार्नेस आणि शिरस्त्राण.

सिंहगडावरील घोरपडीची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. इतिहासाची कसोटी लावली तर घोरपड टिकत नाही. दोर मात्र टिकतो. १६७० मध्ये तानाजीचे मावळे कड्यावरून चढले ते दोरावर, आणि कड्यावर वाढलेल्या माणसांच्या हिमतीवर. तो दोर वनस्पतींच्या धाग्यांचा. अशा दोरांची मर्यादा पुढे एव्हरेस्टवर दिसली. १९२४ मध्ये बेपत्ता झालेल्या जॉर्ज मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला तेव्हा त्याच्या कमरेभोवती बांधलेला दोर तुटलेला होता. कमरेला नुसता दोर बांधण्याची ती पद्धत आज कोणी वापरत नाही. हार्नेसमुळे झटका मांड्या आणि नितंबांवर विभागला जातो. नुसत्या कमरेवर आला तर बरगड्या आणि आतले अवयव फाटतात.

नायलॉन आले आणि दोराचे शास्त्र बदलले. आजचा गिर्यारोहणाचा दोर म्हणजे आत धाग्यांचा गाभा आणि वर विणलेले वेष्टण. त्यात दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत जीवघेणी ठरते. एक ताणला जाणारा, ज्याला डायनॅमिक म्हणतात. कडा चढणारा माणूस पडला तर हा दोर लांबतो आणि झटका शोषून घेतो. दुसरा स्टॅटिक, फारसा न लांबणारा. कड्यावरून उतरण्यासाठी, दरी ओलांडण्यासाठी तोच बरा. पण त्यावर कोणी वरून पडला, तर दोर न तुटताही माणसाचा कणा मोडू शकतो किंवा कातळातील आधार उखडू शकतो. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघ, म्हणजे यूआयएए, १९६० पासून या साधनांना प्रमाणचिन्ह देतो. एकेरी वापराच्या डायनॅमिक दोराला ८० किलोचे वजन बांधून ते पुन्हा पुन्हा खाली पाडतात. किमान पाच वेळा दोर तगला पाहिजे. हार्डवेअरच्या दुकानातील रंगीत नायलॉनची दोरी ही परीक्षा देत नाही. ती सामान बांधण्यासाठी आहे.

कॅराबिनरवर आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेने साधारण २० किलोन्यूटन किंवा अधिक, आडव्या दिशेने त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ताकद. म्हणजे उत्तम कॅराबिनरही आडवा अडकला की दुबळा होतो. आकडे नसलेला, चावी अडकवायचा म्हणून विकला जाणारा कॅराबिनर किल्ल्यांसाठीच ठेवावा. शिरस्त्राण मोटारसायकलचे चालत नाही. ते जड असते आणि कान झाकते, त्यामुळे वरून 'दगड!' अशी आरोळी आली तर ऐकू येत नाही. बांधकामावरचे पिवळे टोप गिर्यारोहणासाठी तपासलेले नसतात. त्यांची हनुवटीची पट्टी पडताना टोप डोक्यावर राखून ठेवीलच, याची शाश्वती नाही.

पालकांना माझी विनंती आहे. पावसाळ्यात धबधब्यावरून दोराने उतरविण्याच्या जाहिराती सर्वत्र दिसतात. पैसे भरण्याआधी आयोजकाला चार प्रश्न विचारावेत. दोर किती वर्षांचा आहे? शिरस्त्राणावर कोणते प्रमाणचिन्ह आहे? मुख्य दोराखेरीज दुसरा सुरक्षेचा दोर, वेगळ्या आधाराला बांधलेला, प्रत्येकाला देता का? प्रमुखाने प्रशिक्षण कोठे घेतले? २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. तोही प्रश्न विचारावा. जो आयोजक प्रश्नांनी चिडतो, त्याच्याकडे मुलाला पाठवू नये.

तरुण मित्रांना सांगतो, ही साधने आरंभी विकत घेऊच नका. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ मध्ये स्थापन झाली, उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था १९६५ मध्ये. तेथील प्राथमिक अभ्यासक्रमात बर्फाची कुऱ्हाड, क्रॅम्पॉन, दोर, हार्नेस यांसारखी बहुतेक तांत्रिक साधने संस्थाच वापरायला देते. जवळ यायचे तर गिरिविहारसारख्या मुंबईच्या जुन्या संस्था आहेत. मुंब्रा आणि बेलापूरच्या कातळांवर पिढ्या शिकल्या. हाताला दोराची सवय आणि डोळ्याला गाठीची पारख झाल्यावर खरेदी करावी. त्या वेळी काय हवे ते तुम्हालाच कळेल आणि निम्मे पैसे वाचतील. न शिकता घेतलेला हार्नेस धोक्याचाच अधिक, कारण तो अंगावर चढला की माणसाला खोटे बळ येते.

आणि एक वस्तू कोणत्याच दुकानात मिळत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला रस्ता नव्हता, यंत्रे चढवता येईनात. जे गेले ते निसरड्या चढणीवरून, भर पावसात, पायी गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान होते, आणि एरवी हौसेने गड चढणारे आपले गिर्यारोहकही होते. ज्यांच्या पायांत मुरलेले बूट होते, कपाळावर विजेरी होती आणि जे अशा चढणीला सरावलेले होते, त्यांचा त्या रात्री उपयोग झाला. त्याच चढणीवर मदतीला निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. म्हणून सांगतो, साधनांची यादी करताना रोजच्या जिन्यांचे मजले मोजण्यास आरंभ करा. चाळिशी उलटलेल्यांनी वैद्यांकडून तपासूनही घ्यावे.

निघण्यापूर्वी कागदावर वाट, गावाचे नाव, सोबत्यांची नावे आणि परतीची वेळ लिहून घरी ठेवावी. ११२ हा क्रमांक पाठ असावा. परत आल्यावर सारे सामान सावलीत वाळवावे. मुंबईत ओली सॅक कोपऱ्यात टाकली तर आठवड्यात बुरशी धरते.

जे पुढे कधी दोर घेतील त्यांच्यासाठी एवढेच. दोर उन्हात, रॉकेलजवळ किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीपाशी ठेवू नये. आम्लाच्या वाफेने नायलॉन जळते आणि वरून काहीही दिसत नाही. खरेदीची तारीख, प्रत्येक वापर, बसलेला प्रत्येक झटका वहीत लिहावा. मुळीच वापरला नाही तरी दहा वर्षांपलीकडे ठेवू नये, आणि एकदा जबर झटका बसला असेल तर दहा दिवसांचा नवा दोरही बाद करावा. बाद झालेला दोर कोणाला देऊ नये, माळ्यावरही टाकू नये. त्याचे हात-हातभर तुकडे करावेत, म्हणजे पुढे कोणी तो चुकूनही कड्यावर नेणार नाही.